स्वसंवेदी सिमेंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वसंवेदी सिमेंट म्हणजे नेमकं काय?

सिमेंटच्या मिश्रणात कार्बनचे बारीक तंतू किंवा वीजवाहक भुकटी थोड्या प्रमाणात, पण सगळीकडे सारखी पसरेल अशी मिसळली की घट्ट झालेला ठोकळा स्वतःच सेन्सर बनतो. त्याच्यावर दाब किंवा ताण आला, त्यात तडा गेला, की त्याचा विद्युतरोध बदलतो. तो बदल मोजून आत काय चाललंय याचा अंदाज घ्यायचा. वेगळी चिप नाही, चिकटवलेली पट्टी नाही. पदार्थच सेन्सर.

या कल्पनेला पहिलं भक्कम रूप मिळालं ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत बफेलो इथल्या विद्यापीठात. डेबोरा चुंग आणि पु-वेई चेन यांनी आखूड कार्बन तंतू घातलेल्या काँक्रीटचा रोध भाराबरोबर बदलतो हे १९९३ मध्ये मांडलं. नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या), ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) वगैरे मंडळी नंतर आली.

साध्या काँक्रीटमधूनही थोडी वीज जातेच ना? मग फरक काय?

जाते, पण ती मुख्यतः छिद्रांमधल्या पाण्यातल्या आयनांमुळे. त्यामुळे साधं काँक्रीट ओलं असताना त्याची रोधकता (आकार वगळून पदार्थाचा स्वतःचा रोध) काही दहा ओहम-मीटर असते आणि पूर्ण वाळल्यावर ती हजारो पटींनी वाढते. असा पदार्थ ओल चांगली मोजेल, भार नाही. वाहक तंतू घातले की इलेक्ट्रॉनांना पाण्यावाचून जायला वाट मिळते. ही वाट भारामुळे बदलते, म्हणून तिचा उपयोग. अर्थात पाण्याची वाट बंद होत नाही, ती शेजारी चालूच राहते. पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ हेच आहे.

रोध बदलतो तो कशामुळे?

फिलर, म्हणजे मिसळलेला वाहक पदार्थ, बदलला की कारणही बदलतं.

तंतूंच्या बाबतीत मुख्य भूमिका तंतू आणि सिमेंट यांच्या सांध्याची. अतिसूक्ष्म भेग उघडते तेव्हा तिला ओलांडून गेलेला तंतू किंचित बाहेर ओढला जातो, सांध्याचा रोध वाढतो. दाब आला की तंतू परत आत ढकलला जातो, सांधा घट्ट होतो, रोध उतरतो.

नॅनोट्यूब आणि कार्बन ब्लॅक (काजळीची भुकटी) यांच्यात कण एकमेकांना टेकलेले असतीलच असं नाही. मध्ये काही नॅनोमीटरची फट असते आणि इलेक्ट्रॉन ती ‘टनेलिंग’ने पार करतात, म्हणजे प्रत्यक्ष संपर्क नसतानाही पलीकडे पोचतात. फट जरा वाढली की रोध घातांकी वेगाने वाढतो. संवेदनशीलता जास्त मिळते ती यामुळे, आणि दोन नमुन्यांचे आकडे न जुळण्याचं एक कारणही हेच.

तिसरी गोष्ट म्हणजे खरीखुरी मोडतोड. तडा गेला की वाट कायमची तुटते. भार काढल्यावर मूळ आकड्याला परत येणारा बदल लवचिक विकृतीचा (भाराने लांबीत झालेल्या तात्पुरत्या बदलाचा), आणि परत न येणारा बदल बहुधा नुकसानीचा. ‘बहुधा’ म्हणायचं कारण ओल आणि तापमानही असाच परत न येणारा बदल दाखवू शकतात.

स्ट्रेन गेज स्वस्तात मिळतो. मग हा खटाटोप कशाला?

प्रश्न रास्त आहे. स्ट्रेन गेज म्हणजे पृष्ठभागावर चिकटवून लांबीतला सूक्ष्म बदल मोजणारी पट्टी. धातूच्या पातळ पट्टीच्या स्ट्रेन गेजचा गेज फॅक्टर सुमारे २ असतो, म्हणजे लांबीत जितका सापेक्ष बदल होतो त्याच्या दुप्पट सापेक्ष बदल रोधात. चांगल्या स्वसंवेदी सिमेंटमध्ये हाच आकडा काही दहांपासून काहीशेंपर्यंत जातो. दुसरं, गेज एका ठिपक्यावर मोजतो आणि त्याचा गोंद काही वर्षांत सुटतो; सिमेंटचा ठोकळा मात्र काँक्रीटमध्ये काँक्रीटसारखाच राहतो.

पण स्थिरतेत आणि रेषीयतेत स्ट्रेन गेज आजही पुढे आहे. दोन दिवसांची भारचाचणी करायची असेल तर गेजच चिकटवा. वर्षानुवर्षं आत राहून भाराचा आणि तड्यांचा कल सांगणारं काहीतरी हवं असेल, तेव्हा या सिमेंटचा विचार करा.

फिलर कोणता निवडावा?

सुरुवात आखूड कार्बन तंतूंपासून करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. साधारण ५ ते ६ मिलिमीटर लांब, ७ ते १५ मायक्रोमीटर जाडीचे. मिसळायला त्यातल्या त्यात सोपे, प्रमाण थोडं लागतं, आणि वाकणुकीतली ताकदही वाढते.

कार्बन नॅनोट्यूब सिमेंटच्या वजनाच्या ०.१ ते १ टक्का पुरतात, पण त्या सुट्या करणं हे वेगळंच काम आहे. कार्बन ब्लॅक स्वस्त. मात्र तो काही टक्क्यांपर्यंत घालावा लागतो आणि पाणी पितो. ग्रॅफाइटची भुकटीही स्वस्तच, पण तिचे थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे जास्त घातली की ताकद उतरते. काटेरी निकेल भुकटीची संवेदनशीलता फार मोठी, पण तिला मिश्रणाच्या आकारमानाचा पाचवा हिस्सा किंवा जास्तच द्यावा लागतो. प्रयोगशाळेबाहेर ते परवडत नाही. स्टीलच्या तंतूंवर सिमेंटच्या अल्कधर्मी वातावरणात ऑक्साइडचा थर बसतो, म्हणून त्यांच्या संपर्काचा भरवसा कमी.

तंतू आणि कार्बन ब्लॅक एकत्र घालण्याची पद्धतही चांगली चालते. तंतू लांब पल्ला गाठतात, काजळीचे कण मधल्या फटी भरतात.

किती घालायचं? जास्त घातलं की जास्त संवेदनशील, असंच ना?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज.

फिलर वाढवत गेलं की सुरुवातीला रोधकता फारशी हलत नाही. मग एका अरुंद पट्ट्यात ती धाडकन काही दशपटींनी खाली येते आणि पुढे पुन्हा सपाट होते. हा पट्टा म्हणजे ‘पर्कोलेशन’ची सीमा, म्हणजे सुटे तंतू जोडले जाऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाट तयार होण्याची पातळी. कार्बन तंतूंसाठी ती आकारमानाच्या साधारण ०.५ ते १ टक्क्याच्या आसपास सापडते. तंतूची लांबी आणि वाळूचं प्रमाण यांनुसार ती सरकते.

सीमेच्या बरंच वर गेलात तर हजारो वाटा तयार असतात. भाराने चार तुटल्या तरी फरक पडत नाही, म्हणून संवेदनशीलता घटते. बरंच खाली राहिलात तर वीज पाण्यातूनच जाते. काम करायचं ते सीमेच्या लगत, आणि तंतूंसाठी शक्यतो किंचित खालच्या अंगाला. म्हणून स्वतःच्या सिमेंट-वाळूवर ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १ टक्का अशा पाच मिश्रणांचा आलेख आधी काढा. दुसऱ्याच्या लेखातलं प्रमाण उचलून थेट वापरू नका. वाळू बदलली की सीमा बदलते.

पहिला नमुना कसा करायचा? प्रमाणासकट सांगा.

४० × ४० × १६० मिलिमीटरच्या तीन लाद्यांसाठी, वाळू न घालता, कार्बन तंतूंचं मिश्रण असं :

सिमेंट १२०० ग्रॅम
सिलिका फ्यूम १८० ग्रॅम (सिमेंटच्या १५ टक्के)
पाणी ४२० ग्रॅम
कार्बन तंतू ६ ग्रॅम (सिमेंटच्या ०.५ टक्के, आकारमानाने ०.४ टक्क्याच्या जवळपास)
मिथाइलसेल्युलोज ४.८ ग्रॅम (०.४ टक्के, तंतू पसरवायला)
फेस मारणारं रसायन सुमारे १.२ मिलिलिटर
सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण पातळ करणारं रसायन) १२ ग्रॅमपासून सुरू करून गरजेप्रमाणे

मिथाइलसेल्युलोज पाण्यात टाकलं की गुठळ्या धरतं. थोड्या गरम पाण्यात ते आधी भिजवून पसरवा, मग उरलेलं पाणी थंड घालून ढवळा म्हणजे विरघळेल. त्यात फेस मारणारं रसायन आणि मग तंतू घाला, दोनेक मिनिटं ढवळा. तंतूंचे पुंजके सुटून पाणी सारखं काळपट दिसायला हवं. सिमेंट आणि सिलिका फ्यूम कोरडेच वेगळे मिसळून ठेवा. तंतूंचं पाणी मिक्सरमध्ये ओतून त्यावर कोरडं मिश्रण हळूहळू सोडा, शेवटी सुपरप्लास्टिसायझर. एकूण पाच मिनिटं पुरेत. जास्त वेळ आणि जास्त वेगाने फिरवलं की तंतू तुटतात, आखूड होतात आणि पर्कोलेशनची सीमा वर सरकते.

सिलिका फ्यूम इथे केवळ ताकदीसाठी नाही. त्याचे कण सिमेंटच्या कणांपेक्षा कितीतरी बारीक असतात, ते तंतूंच्या मध्ये शिरून त्यांना सुटं ठेवतात. खर्च वाचवायला ते वगळलंत तर पुंजके होणारच.

साचा भरताना थोडं हलवा, पण मिनिटामागून मिनिटं व्हायब्रेटर लावू नका. तंतू आडवे पडून एकाच दिशेने लागतात आणि लादी आडवी-उभी वेगवेगळी रोधकता दाखवते. २४ तासांनी साचा सोडा, मग २८ दिवस क्युरिंग.

नॅनोट्यूब पाण्यात सुट्या कशा करायच्या?

नुसत्या ढवळून होत नाहीत, त्या एकमेकींना दोरखंडासारख्या घट्ट धरून असतात. पाण्यात पॉलिकार्बोक्सिलेट जातीचा सुपरप्लास्टिसायझर किंवा दुसरा पृष्ठसक्रिय पदार्थ विरघळवून त्यात नॅनोट्यूब टाका आणि अल्ट्रासोनिक प्रोबने ३० ते ६० मिनिटं कंपनं द्या. भांडं बर्फात ठेवा आणि प्रोब सलग न चालवता थांबत थांबत चालवा, नाहीतर पाणी उकळायला येतं. साबणासारखा पृष्ठसक्रिय पदार्थ वापरलात तर फेस मारणारं रसायन हवंच. हवेचे बुडबुडे राहिले की ताकद आणि संवेदन दोन्ही जातं.

तासाच्या पुढे कंपनं देत राहिलं की ट्यूब तुटून आखूड होतात. द्रव तयार झाला की एक थेंब भरपूर पाण्यात सोडून पाहा. शाईसारखा पसरला तर ठीक, कण दिसले तर अजून वेळ द्या. तयार द्रव लगेच वापरा. दुसऱ्या दिवशी तळाशी गाळ दिसतो आणि मग वरचं पाणी घ्यावं की तळचं, असा प्रश्न पडतो. सिमेंटच्या पाण्यातलं कॅल्शियम ट्यूबना पुन्हा जवळ आणतं, हेही लक्षात असू द्या. पाण्यात सुटं दिसलेलं सिमेंटमध्ये सुटं राहीलच याची खात्री नाही.

पसरण नीट झाली की नाही, हे घट्ट झाल्यावर कसं कळेल?

एकाच मिश्रणाच्या तीन लाद्यांची रोधकता मोजा. एकमेकींपासून १० टक्क्यांच्या आत असतील तर बरं, दुप्पट-तिप्पट फरक असेल तर मिश्रण टाकून द्या. एकाच लादीवर शेजारशेजारच्या पट्ट्यांत मोजलं तर आणखी नेमकं कळतं. मोडलेल्या तुकड्याच्या पृष्ठभागावर काळे ठिपके किंवा केसांचे गुंते साध्या भिंगानेही दिसतात. तीन लाद्यांपैकी चांगली निवडून तिचाच आलेख दाखवण्याचा मोह टाळा. खऱ्या बांधकामात निवडीला वाव नसतो.

इलेक्ट्रोड कशाचे आणि कसे बसवायचे?

ओल्या मिश्रणात रोवलेली स्टेनलेस स्टीलची जाळी सर्वांत भरवशाची. जाळीचे डोळे इतके मोठे हवेत की सिमेंट त्यातून आरपार जाईल. नाहीतर जाळी हीच लादीतली कमकुवत जागा ठरते आणि तिथेच तडा जातो. तांब्याची जाळी वा तार अल्पकाळासाठी चालते. बाहेरून लावलेला चांदीचा रंग आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार प्रयोगशाळेत ठीक, पण उन्हापावसात टिकत नाही.

ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नका. ताज्या सिमेंटच्या अल्कलीशी त्यांची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, इलेक्ट्रोडभोवती बुडबुड्यांची पोकळी राहते आणि संपर्क जातो. ही चूक पुन्हा पुन्हा होते, कारण ॲल्युमिनियमची जाळी सहज हाताशी असते.

दोन इलेक्ट्रोड पुरत नाहीत का?

मल्टिमीटरच्या दोन तारांनी आकडा येतो, पण त्यात ठोकळ्याचा रोध कमी आणि इलेक्ट्रोड-सिमेंट सांध्याचा रोध जास्त असू शकतो. भार दिल्यावर सांधाही दबतो. मग आलेख सुंदर येतो, पण तो सिमेंटचा नसतो.

चार इलेक्ट्रोड लावा. बाहेरच्या दोनमधून ठरावीक प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोनमधला व्होल्टेज जास्त अंतर्गत रोधाच्या मीटरने मोजायचा. आतल्या जोडीतून प्रवाह जवळजवळ जातच नाही, म्हणून त्यांच्या सांध्याचा रोध हिशेबात येत नाही. १६० मिलिमीटरच्या लादीत टोकापासून २०, ६०, १०० आणि १४० मिलिमीटरवर जाळ्या रोवल्या की तीन सारखे पट्टे मिळतात.

मीटर लावला की भार नसतानाही आकडा चढतच जातो. नमुना बिघडलाय का?

नाही. हे ध्रुवीकरण. एकदिश व्होल्टेज दिला की छिद्रांतल्या पाण्यातले आयन इलेक्ट्रोडकडे सरकून साचतात आणि उलट व्होल्टेज तयार करतात. मीटरला ते वाढत्या रोधासारखं दिसतं. सुरुवातीची काही मिनिटं चढ वेगाने, मग मंद.

उपाय तीन. पहिला, व्होल्टेज चालू ठेवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, मगच भार द्या. याला अर्धा तास किंवा जास्तही लागतो आणि तरी थोडी सरकण उरतेच. दुसरा, एक किलोहर्ट्झ किंवा त्याहून जास्त वारंवारितेचा प्रत्यावर्ती प्रवाह वापरा. तिसरा आणि आमच्या मते सर्वांत व्यवहारी : धन-ऋण आलटून पालटून येणारी चौकोनी लहर, सेकंदाला एखाद-दोन आवर्तनं, आणि वाचन धन भागाच्या शेवटाकडे. ऋण भागात साचलेले आयन परत जातात. यासाठी साधा सिग्नल जनरेटर आणि डेटा लॉगर पुरतो, महागडं इम्पिडन्स यंत्र लागत नाही.

प्रवाह काही मिलिॲम्पिअरच्या आतच ठेवा. व्होल्टेज वाढवला की पाण्याचं विघटन सुरू होतं (त्याची सैद्धांतिक सीमा १.२३ व्होल्ट), शिवाय ठोकळा आतून तापतो.

वाचनावरून गेज फॅक्टर कसा काढतात?

एक उदाहरण मांडू. वरचीच लादी, आतल्या जाळ्यांमधलं अंतर ४० मिलिमीटर, छेद ४० × ४० मिलिमीटर. मोजलेला रोध ५० ओहम. रोधकता = रोध × क्षेत्रफळ ÷ लांबी, म्हणजे ५० × ०.००१६ ÷ ०.०४ = २ ओहम-मीटर.

आता लादीच्या लांबीच्या दिशेने १६ किलोन्यूटन दाब दिला. प्रतिबल, म्हणजे क्षेत्रफळावर वाटलेला भार, १० मेगापास्कल. लवचिकता गुणांक (पदार्थाचा कडकपणा) २० गिगापास्कल धरला तर विकृती, म्हणजे लांबीतला सापेक्ष बदल, ५०० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे ०.०००५. रोध ५० वरून ४७.५ ओहमवर आला, म्हणजे ५ टक्के घट. गेज फॅक्टर = ०.०५ ÷ ०.०००५ = १००.

विकृती मात्र गुणांकावरून गृहीत धरू नका. समोरासमोरच्या दोन बाजूंवर स्ट्रेन गेज चिकटवून त्यांची सरासरी घ्या. दोन गेज वेगळे आकडे दाखवत असतील तर भार तिरका बसतोय. भार ताकदीच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवून निदान पाच वेळा चढवा-उतरवा. पहिलं आवर्तन नेहमीच बाकीच्यांपेक्षा वेगळं येतं, कारण सैल सांधे त्यात बसून घेतात. ते हिशेबात धरू नये.

दाब दिल्यावर रोध उतरायला हवा, आमचा तर वाढतोय. का?

तपासा, या क्रमाने. यंत्राच्या पोलादी पाट्या आणि नमुना यांच्यात विजेला अडवणारा थर आहे का? नसेल तर प्रवाह यंत्रातून फिरून येतो. भार मध्यावर आहे का? तिरक्या भाराने एक बाजू ताणात जाते. इलेक्ट्रोडजवळ केसासारखी भेग आहे का? ध्रुवीकरणाची चढ भाराच्या उताराला गिळते आहे का? शेवटची शक्यता : भार फार झाला आणि आत खरोखर तडे सुरू झाले. तुटण्याआधी दाबाखालीही रोध वर वळतो, आणि ते वळणच तर आपल्याला पाहायचं असतं.

वाकणुकीच्या चाचणीत बदल दिसत नसेल तर कारण साधं आहे. वरचा भाग दाबात, खालचा ताणात. पूर्ण छेदभर जाळी असेल तर दोघांचे परिणाम एकमेकांना खोडतात. इलेक्ट्रोड फक्त खालच्या थरात ठेवा.

ओल आणि तापमानाचं काय करायचं?

या विषयातला खरा डोंगर हाच. भाराने ५ टक्के बदल होतो म्हणून आनंद होतो. पण समजा एखाद्या ठोकळ्याचा रोध दर अंश सेल्सिअसला अर्धा टक्का उतरत असेल, तर दिवस-रात्रीच्या १० अंशांच्या फरकाने तेवढेच ५ टक्के हलले. आलेखावर दोन्ही सारखेच दिसतात. सिमेंटची रोधकता तापमान वाढलं की उतरते आणि पदार्थ वाळला की चढते, म्हणून ऊन पडल्यावर आधी उतार आणि मग चढ असा गोंधळही दिसतो.

सर्वांत चांगला उपाय जोडठोकळ्याचा. त्याच मिश्रणाचा, त्याच दिवशी ओतलेला दुसरा ठोकळा पहिल्याच्या शेजारी ठेवायचा, पण त्याच्यावर भार येऊ द्यायचा नाही. दोघांना व्हीटस्टन सेतूच्या (रोधांची तुलना करणाऱ्या चार भुजांच्या मंडलाच्या) शेजारच्या भुजांत जोडलं की तापमानाचा वाटा बराचसा वजा होतो. दोघांची ओल मात्र सारखी हवी. बाजूला प्लास्टिकच्या डबीत कोरडा ठेवलेला जोडठोकळा काही कामाचा नाही.

ओलीसाठी ठोकळा आधी वाळवून बंद करतात. २८ दिवसांनंतर ५० ते ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. १०५ अंशांवर वाळवलं तर आत सूक्ष्म भेगा पडतात. मग सगळीकडून इपॉक्सी लावा आणि तो ओला असतानाच वर बारीक वाळू भुरभुरा, म्हणजे बाहेरचं काँक्रीट त्याला धरेल. वाळू विसरलात तर गुळगुळीत ठोकळा काँक्रीटमध्ये सुटा राहतो आणि भार त्याच्यापर्यंत पोचतच नाही. प्रत्येक ठोकळ्यात किंवा त्याच्याला लागून तापमापी असावा. त्याच्यावाचून घेतलेल्या वाचनाला आम्ही किंमत देत नाही.

पूर्ण खांब किंवा तुळई याच सिमेंटची करायची का?

सहसा नको. खर्च वाढतो, मिश्रणावर ताबा राहत नाही, आणि सळयांचं जाळं प्रवाहाला आडवाट देतं. आधी ओतून, तपासून, अंशांकन केलेले (ज्ञात भाराशी वाचन जुळवून घेतलेले) छोटे ठोकळे हव्या त्या जागी काँक्रीटमध्ये गाडणं शहाणपणाचं. तुळईत मध्यभागी खालच्या अंगाला, खांबात पायाजवळ, म्हणजे जिथे प्रतिबल जास्त अपेक्षित आहे तिथे. जुन्या बांधकामावर ताणाच्या बाजूला गिलाव्यासारखा पातळ थरही देता येतो.

ठोकळा सळईला टेकू देऊ नका. प्लास्टिकच्या पट्टीने बांधा आणि मध्ये अंतर ठेवा. ठोकळ्याचा लवचिकता गुणांक भोवतालच्या काँक्रीटच्या जवळ असावा. ठोकळा फार कडक असेल तर भार स्वतःकडे ओढतो, फार मऊ असेल तर भार त्याला वळसा घालून जातो. दोन्हींत वाचन फसवं.

काँक्रीट ओतण्यापूर्वी, ओतल्यावर लगेच आणि दुसऱ्या दिवशी रोध टिपून ठेवा. व्हायब्रेटरची सुई तारांवर गेली की सेन्सर गेला. ठोकळ्याची जागा साच्याच्या फळीवर रंगाने खुणावून ठेवा. तारा पाइपमधून बाहेर काढा, पाइपाचं तोंड बंद करा आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहा. तार कोणत्या ठोकळ्याची हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

ओतल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत काँक्रीट वाळून आकसतं आणि या आकुंचनाची विकृती काहीशे मायक्रोस्ट्रेन असते, म्हणजे भाराच्याच तोडीची. त्या काळातला कल भाराचा समजू नये.

तडा कुठे गेला हेही कळतं का?

एका जोडीने फक्त ‘या पट्ट्यात काहीतरी झालं’ एवढंच कळतं. तुळईच्या लांबीवर ओळीने इलेक्ट्रोड ठेवून प्रत्येक शेजारच्या जोडीचा रोध पाहिला तर ज्या पट्ट्यात कायमची वाढ झाली तिथे तडा. थराच्या कडेने सगळीकडे इलेक्ट्रोड लावून, जोड्या बदलत वाचनं घेऊन गणिताने आतला नकाशा काढायची टोमोग्राफीची पद्धतही आहे. त्या नकाशात तड्याची जागा कळते, पण त्याच्या कडा धूसर येतात.

कार्बनमुळे सळया गंजतात का?

धोका आहे. कार्बन पोलादापेक्षा विद्युतरासायनिकदृष्ट्या ‘उच्च’, त्यामुळे दोघांचा संपर्क आणि क्षारयुक्त ओल असेल तर पोलाद आधी झिजतं. शिवाय काँक्रीटची रोधकता जितकी कमी तितका गंजाचा प्रवाह सहज वाहतो. समुद्रालगत किंवा मीठ टाकल्या जाणाऱ्या रस्त्यांवर वाहक सिमेंटचा थर थेट सळयांना लावू नये. गाडलेल्या, इपॉक्सीबंद ठोकळ्यात हा प्रश्न जवळपास उरत नाही.

ताकदीवर काय परिणाम होतो?

योग्य प्रमाणात तंतू घातले तर वाकणुकीतली ताकद वाढते, दाबातली जवळपास तशीच राहते किंवा थोडी घटते. घट झाली तर दोष बहुतेकदा तंतूंचा नसून अडकलेल्या हवेचा किंवा ‘मिश्रण घट्ट झालं म्हणून’ वाढवलेल्या पाण्याचा असतो. पाणी वाढवू नका, सुपरप्लास्टिसायझर वाढवा.

हाताळताना काळजी कोणती?

कार्बन तंतू हवेत उडतात, त्वचेला खाज आणतात आणि विजेच्या उपकरणात शिरले तर शॉर्ट करतात. संगणकाच्या शेजारी पिशवी फोडू नका.

कोरड्या नॅनोट्यूबबाबत अधिक कडक राहा. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, निऑशने, २०१३ मध्ये हवेतल्या नॅनोट्यूबसाठी आठ तासांच्या सरासरीने प्रति घनमीटर १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा शिफारस केली. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एका विशिष्ट बहुभित्ती नॅनोट्यूबला ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं. म्हणून वजन बंद कपाटात करा, चांगला श्वसनमास्क आणि हातमोजे घाला, सांडलेली भुकटी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. शक्य असेल तर आधीच पाण्यात मिसळलेला द्रव विकत घ्या. घट्ट झालेला ठोकळा कापताना किंवा घासताना पाणी सोडत राहा.

प्रयोगशाळेबाहेर कुठे वापरलं गेलंय?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिन्‌रोड या रस्तेचाचणी केंद्रावर नॅनोट्यूबयुक्त काँक्रीट रस्त्यात बसवून वरून गेलेली वाहनं ओळखण्याची चाचणी झाली. हा उपयोग या पदार्थाला फार मानवतो. चाक काही क्षणांत येऊन जातं, तेवढ्यात ओल आणि तापमान बदलत नाही, म्हणून शिखर स्पष्ट दिसतं. इटलीत पेरुजा विद्यापीठात हेच तत्त्व भाजलेल्या विटांवर वापरून ‘स्मार्ट विटा’ करून पाहिल्या आहेत. भूकंपानंतर भिंतीतला भार कुठून कुठे सरकला हे त्यावरून पाहायचं.

दीर्घकाळ वाचन घेताना काय नोंदवावं?

रोध, तापमान, सापेक्ष आर्द्रता आणि वेळ, हे चारही एकत्र. संथ कलासाठी दर दहा-पंधरा मिनिटांनी एक वाचन पुरे. वाहनं किंवा कंपनं पकडायची असतील तर सेकंदाला शंभर किंवा त्याहून जास्त, आणि मग चौकोनी लहरीऐवजी उच्च वारंवारितेचा प्रत्यावर्ती प्रवाह. तारा पीळ दिलेल्या आणि जाळीच्या आवरणाच्या घ्या, आवरण एकाच टोकाला जमिनीला जोडा. नाहीतर वीजपुरवठ्याची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण तुमच्या आलेखावर बसते.

वर्षातून एकदा ज्ञात वजनाचं वाहन किंवा भार ठेवून अंशांकन पुन्हा तपासा. मूळ रोध बदललेला असणारच. त्याच भाराला मिळणारा टक्केवारीतला बदल पूर्वीइतकाच आला तर सेन्सर ठीक आहे. तो बदलला असेल तर आधी तारा आणि जोड तपासा, मग ठोकळ्यावर संशय घ्या.